पोरीला दर रविवारी स्पर्धेला न्यायचं का? शिफ्रिनचं बालपण वाचून घेतलेला निर्णय

धरमपेठची आई:

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तीन वर्षांपासून स्केटिंग करते. मागच्या मोसमात, दिवाळी ते होळी, तिनं चौदा स्पर्धा खेळल्या. नागपुरातल्या झाल्याच, वर वर्धा, अमरावती, चंद्रपूर. होळीनंतर मी त्यातल्या एका रविवारचा हिशोब मांडला. पहाटे साडेपाचला गाडी काढली, अमरावतीला जाऊन चेस्ट नंबर घेतला, दुपारपर्यंत मंडपात बसलो, रात्री आठला घरी. एवढ्या वेळात पोर चाकांवर किती होती? दोन हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, मिळून दोन मिनिटंसुद्धा नाही.

त्याच सुमारास मी मिकेला शिफ्रिनबद्दल वाचायला लागले. अमेरिकेची अल्पाइन स्कीइंगपटू, म्हणजे बर्फाच्या उतारावरच्या शर्यती खेळणारी, जन्म १९९५, कोलोरॅडोतल्या व्हेलचा. २३ फेब्रुवारी २०२५ ला इटलीत सेस्ट्रिएरेला तिनं विश्वचषक मालिकेतली शंभरावी शर्यत जिंकली. स्त्री असो वा पुरुष, शंभरी कुणीच गाठली नव्हती. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम १९८९ पासून उभा होता, तो तिनं मार्च २०२३ मध्ये मोडला.

मला भावलं ते तिचं लहानपण. बाकीची मुलं शनिवार-रविवार शर्यतींना जायची, ही बऱ्याच वेळा सरावाला थांबायची. आई-वडिलांचा हिशोब माझ्यासारखाच होता. स्लालममध्ये बर्फात रोवलेल्या खांबांमधून, म्हणजे गेटांमधून, वळत उतरायचं असतं. शर्यतीत दोन फेऱ्या, प्रत्येकी जेमतेम मिनिटाची, आणि त्यासाठी अख्खा दिवस जातो. तोच दिवस टेकडीवर काढला तर मुलगी कितीतरी वेळा उतरते, प्रत्येक वळणाला आपलं वजन कुठल्या पायावर आहे ते तिला कळतं. तोल पक्का व्हावा म्हणून ती एकचाकी सायकल चालवायची, चेंडू झेलायची. सोळा पूर्ण व्हायच्या दोन दिवस आधी, ११ मार्च २०११ ला, ती विश्वचषकात उतरली. सतराव्या वर्षी स्लालमची जगज्जेती झाली आणि अठराव्या वर्षी सोचीला ऑलिंपिक सुवर्ण. स्लालममध्ये इतक्या लहान वयात ते कुणीच जिंकलं नव्हतं.

म्हणून यंदा आम्ही तीनच स्पर्धा खेळणार. उरलेले रविवार रिंकवर. तिच्या स्केटिंगच्या सरांना हे पटलेलं नाही, पोरगी मागे पडेल म्हणतात. मला वाटतं, आपल्याकडे मुलांना आधी परीक्षेला बसवतात आणि मग शिकवतात. खेळातही तेच चाललंय.

मानकापूर ट्रॅक:

ताई, मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. स्वतः ४०० मीटर धावायचो. तुमच्या निर्णयाला माझा विरोध आहे.

तुम्ही स्लालमचं उदाहरण दिलंत, तर त्या खेळाचा नियम आधी पाहा. डाउनहिल या सगळ्यात वेगवान प्रकारात शर्यतीआधी त्याच उतारावर सरावाच्या फेऱ्या मिळतात. स्लालममध्ये मिळत नाहीत. सकाळी खेळाडू कडेनं सावकाश घसरत गेट पाहून घेतात, डोळे मिटून क्रम पाठ करतात, आणि नंतर थेट शर्यत. दुसऱ्या फेरीला गेटांची मांडणी पुन्हा बदललेली असते. म्हणजे त्या मार्गावर आयुष्यात एकदाच उतरायचं असतं आणि तेच मोजलं जातं. ही 'एकदाच'ची तयारी कितीही लॅप मारल्या तरी होत नाही. माझ्याकडे अशी पोरं आली आहेत जी सरावात पहिली आणि नंबर लावला की पाचवी. पाय तेच, ट्रॅक तोच.

शिफ्रिनचंच बघा. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला जायंट स्लालमचं (यात गेट जास्त अंतरावर असतात) सुवर्ण घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्यात हातखंडा स्लालमच्या आधी तिला उलटी झाली. चौथी आली. मोसमात शर्यतीआधी असं होत असे हे तिनं स्वतः उघड सांगितलंय. हे दडपण लहानपणीच थोडं थोडं अंगावर घेतलं असतं तर? मी नक्की सांगू शकत नाही, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आणि ती शर्यती खेळलीच नाही असंही नव्हतं. चौदाव्या वर्षी इटलीत टोपोलिनोच्या मुलांच्या स्पर्धेत तिनं स्लालम आणि जायंट स्लालम दोन्ही जिंकल्या होत्या.

धरमपेठची आई:

सर, तीन स्पर्धा म्हणाले, शून्य नाही. टोपोलिनोचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. कमी शर्यती खेळून ती तिथं गेली आणि जिंकली.

उलटीबद्दल म्हणाल तर त्याच मुलीनं पुढच्या मोसमात, २०१८-१९ ला, एकाच हिवाळ्यात १७ शर्यती जिंकल्या. आधीचा विक्रम स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडरचा १४ होता. दडपण सगळ्यांनाच येतं. दडपणाखालीसुद्धा पाय आपोआप बरोबर पडावेत एवढं ते अंगात मुरलेलं हवं, आणि मुरवायला वेळ लागतो. तो वेळ मी अमरावती रोडवर घालवत होते.

रामदासपेठेतला डॉक्टर:

मी भूलतज्ज्ञ आहे. शिफ्रिनचे वडील जेफ हेही भूलतज्ज्ञ होते, म्हणून या घराकडे माझं आधीपासून लक्ष आहे. आई आयलीन परिचारिका. वडील कॉलेजात असताना स्की शर्यतीत उतरायचे, आईही प्रौढांच्या शर्यती खेळली होती. पुढे तीच आई प्रशिक्षक म्हणून मुलीबरोबर हिवाळाभर युरोपात फिरू लागली.

आता असं घर म्हणजे काय, हे जरा थांबून पाहू. बर्फाच्या गावात राहणारं, एक डॉक्टरचा पगार, दोघांनाही खेळातलं कळतं, आणि एकाला नोकरी बाजूला ठेवणं परवडतं. अशा घरात 'शर्यत नको, सराव करू' म्हणता येतं, कारण सराव घडवून आणणारं माणूस घरातच आहे. ताई, तुम्हाला स्केटिंगमधलं किती कळतं? खोचक म्हणून विचारत नाही. रिंकवर मुलगी चुकीचं वळण शंभर वेळा घोटत असेल तर कडेला बसून तुम्हाला ते दिसेल का? चुकीचा सराव जास्त झाला तर चूक पक्की होते.

नागपूरकरांना जवळचं उदाहरण हवं तर दिव्या देशमुख आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली, तेव्हा वय १९. तिचे तर आई-वडील दोघंही डॉक्टर. आमच्या लॉबीत त्या रात्री पेढे वाटले. पण ती लहानपणापासून स्पर्धा खेळतच मोठी झाली. बुद्धिबळात रेटिंग स्पर्धेतूनच मिळतं, घरी बसून नाही. तेव्हा खेळ कुठला त्यावर उत्तर बदलतं, एका खेळाचा नियम उचलून दुसऱ्याला लावू नये.

सावनेरवाला:

पाहा ताई, तुमचं सगळं बरोबर वाटून राहिलं, पण तुमी धरमपेठेतून बोलून राहिल्या. माह्या गावच्या पोराले जर स्पर्धा नाही खेळवली तर त्याले कोण पाहीन? कोच हाय का आमच्याकडं? रिंक हाय का? डांबरी रस्त्यावर शिकते थे पोरं. नागपूरले स्पर्धा असली की तिथंच त्यायले कळते का दुसऱ्याचे चाकं कोणते, दुसरा वाकते कसा, हात कसे मारते. आमच्यासाठी स्पर्धाच शाळा हाय.

बर्फाचीच गोष्ट काढली तर आरिफ खानची काढा. काश्मिरातला, गुलमर्गच्या उतारावर शिकलेला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकले भारताकडून थो एकटा होता. पूर्ण देशातून एकच खेळाडू! जायंट स्लालममध्ये ४५ वा आला, स्लालम पूर्ण नाही झाली. आता हा माणूस 'मी शर्यती कमी खेळतो' म्हणू शकला असता काय? पात्र व्हायचं असन तर देशोदेशी शर्यती खेळून गुण जमवा लागते, मंग कुठं नंबर लागते. आपल्याकडून पहिला गेला थो जेरेमी बुजाकोव्स्की, १९६४ ले इन्सब्रुकले. साठ वर्षांत आपण अजून बोटावर मोजत आहो.

आणि एक सरळ गोष्ट. सर्टिफिकेट. दहावी-बारावीले खेळाचे वाढीव गुण भेटते, सरकारी नोकरीत खेळाडूयले ५ टक्के आरक्षण हाय. ज्याच्या घरी शेती दोन एकर, त्याले थे कागद लागते. सराव कोणी कागदावर लिहून देत नाही.

मानकापूर ट्रॅक:

सावनेरच्या भाऊंनी माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. हा शेवटचा मुद्दा इथल्या चर्चांत नेहमी राहून जातो.

धरमपेठची आई:

भाऊ, कागदाचा मुद्दा मान्य आहे, मनापासून. माझ्या मुलीला त्याची तशी गरज नाही, हे माझं नशीब. पण एक सांगते. गेल्या वर्षीच्या चौदांपैकी नऊ स्पर्धा अशा होत्या की त्यांच्या सर्टिफिकेटला कुठंच मान्यता नाही. प्रत्येक मुलाकडून प्रवेश फी घेतली, दर वयोगटाला तीन मेडलं, वर 'सहभाग' म्हणून उरलेल्यांनाही एकेक. तुमच्या गावच्या पोराच्या खिशातून हे पैसे जातात तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. शालेय जिल्हा स्पर्धा, विभाग, राज्य हा रस्ता वेगळा, तो मी सोडतच नाहीये. यंदाच्या तिन्ही स्पर्धा त्याच आहेत.

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न मला लागला, कारण खरा आहे. मला स्केटिंगमधलं काही कळत नाही. मी व्हिडिओ काढते आणि सरांना दाखवते, एवढंच.

औलीहून आलेली:

मी एकदा उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केलाय. त्यातला अनुभव सांगते, मग मत.

मे महिन्यात ४६ अंश सोसणाऱ्या नागपूरच्या माणसाला बर्फ म्हणजे मऊ वाटतो. तो मऊ नसतो. पहिले तीन दिवस मी फक्त थांबायला शिकत होते. दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि गुडघे दुमडून अंग पुढे टाकायचं. खरी गोम तिथंच आहे. उतार दिसला की माणूस घाबरून मागे झुकतो, आणि मागे झुकला की स्की सुटतात, ताबा जातो. वेग आवरायचा तर दरीकडे झुकावं लागतं. हे सांगून कळत नाही. मला चौथ्या दिवशी दुपारी कळलं, शंभरेकदा पडल्यावर.

म्हणून सरावाच्या बाजूनं माझं मत. पण शिफ्रिनपेक्षा लिंडसे व्हॉन या दुसऱ्या अमेरिकन स्कीइंगपटूचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. ती मिनेसोटाची, म्हणजे अमेरिकेच्या सपाट भागातली. शिकली ती बक हिल नावाच्या टेकडीवर, जिची उंची जेमतेम ८० मीटर. आपल्या सेमिनरी हिल्सच्या जातीचीच म्हणा. एरिक सायलर हे तिथले प्रशिक्षक. दोर धरून वर, गेटांमधून खाली, पुन्हा दोर. टेकडी लहान असल्यामुळेच एका संध्याकाळी ढीगभर फेऱ्या व्हायच्या. त्या टेकडीवरची मुलगी डाउनहिलची राणी झाली, २०१० ला व्हँकुव्हरला सुवर्ण, आणि २०१९ ला थांबली तेव्हा ८२ विजय. भाऊंना म्हणूनच सांगावंसं वाटतं, मोठा डोंगर नसला तरी चालतो. डांबरी रस्तासुद्धा चालेल, पण त्यावर रोज कुणीतरी उभं राहून पाहणारं हवं.

व्हॉनचा दुसरा धडा मात्र उलटा आहे. २०१३ ला ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगला ती पडली, गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले, हाड मोडलं, सोचीचं ऑलिंपिक हुकलं. पुढेही दुखापती सुटल्या नाहीत. शेवटी गुडघ्याचा काही भाग कृत्रिम बसवला, आणि तरी मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती सुपर-जी या डाउनहिलसारख्याच वेगाच्या शर्यतीत दुसरी आली. हे वाचून काहींना स्फूर्ती येते. मला पोटात गोळा येतो.

रामदासपेठेतला डॉक्टर:

त्या गोळ्यावर माझं थोडं. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, ती पूर्ण कठीण व्हायची असते. एकाच सांध्यावर तोच ताण वर्षभर आला तर ती जागा दुखावते. यात सराव आणि स्पर्धा असा भेद शरीर करत नाही. ताईंनी वाचवलेले अकरा रविवार जर रिंकवरच घालवले तर मुलीच्या गुडघ्याला काय फरक पडला? शिफ्रिनची एकचाकी सायकल मला त्या गोष्टीतली सगळ्यात कामाची वाटते, कारण तिथं अंगाला दुसरं काही करायला मिळतं. मुलीला पोहायला पाठवा, झाडावर चढू द्या.

लक्ष्मीनगरची समुपदेशक:

इतका वेळ वाचत होते. सगळे शिफ्रिनच्या विजयांवर बोलताहेत, मला तिच्या दोन हिवाळ्यांबद्दल बोलायचंय.

२ फेब्रुवारी २०२० ला घरी झालेल्या अपघातात तिचे वडील गेले. ती शर्यती सोडून घरी परतली. पुन्हा जिंकली ती डिसेंबरात, फ्रान्समधल्या कुर्शवेलला. दोन वर्षांनी बीजिंग ऑलिंपिक. सगळं जग पदकं मोजून बसलेलं, आणि ही जायंट स्लालमच्या पहिल्याच फेरीत सुरुवातीलाच बाहेर. दोन दिवसांनी स्लालममध्ये तसंच. मग ती मार्गाच्या कडेला बर्फात डोकं खाली घालून कितीतरी वेळ बसून राहिली. नंतर कम्बाइंडमध्येही, म्हणजे डाउनहिल आणि स्लालम मिळून असलेल्या शर्यतीत, स्लालमची फेरी पूर्ण झाली नाही. एकही पदक नाही. आणि त्याच हिवाळ्यात मालिकेचं एकूण विजेतेपद मात्र तिचंच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या किलिंग्टनला शंभराव्या विजयासाठी ती जायंट स्लालमच्या दुसऱ्या फेरीत पुढे होती, शेवटाजवळ पडली. पोटाला खोल भोसकल्यासारखी जखम झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत जायंट स्लालमचं जेतेपद राखायची संधी होती, तर तिनं नाव मागे घेतलं आणि कारण सांगितलं: आघातानंतरचा मानसिक त्रास, मन त्या वेगाला तयार नाही. त्याच स्पर्धेत ब्रीझी जॉन्सनबरोबर सांघिक कम्बाइंडचं सुवर्ण घेतलं. ब्रीझीनं डाउनहिल केली, हिनं स्लालम.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना 'मला आज भीती वाटते' हे वाक्यच बोलता येत नाही. बोललं तर सर चिडतात, घरी फीचा हिशोब निघतो. म्हणून स्पर्धा तीन की चौदा यापेक्षा मला हे जाणून घ्यायचंय, की त्या दहा वर्षांच्या मुलीला 'आज नको' म्हणता येतं का? आणि 'मला जायचंय' म्हणता येतं का? ताईंच्या तिन्ही पोस्टमध्ये मुलगी काय म्हणते ते एकदाही आलेलं नाही.

मानकापूर ट्रॅक:

मी असहमत. दहा वर्षांच्या मुलाला विचारलं तर ते गणिताच्या तासालाही 'आज नको' म्हणेल. शिफ्रिननं माघार घेतली ती २९ व्या वर्षी, ९९ विजयांनंतर. तो अधिकार तिनं कमावलेला होता. लहानपणी कुणीतरी मोठ्यानं ठरवावंच लागतं. तिच्याही घरी शर्यतीऐवजी सराव हे आई-वडिलांनीच ठरवलं ना?

लक्ष्मीनगरची समुपदेशक:

ठरवलं, आणि ते मुलीला आवडत होतं म्हणून टिकलं. सर, भीती सांगायचा अधिकार कमवावा लागतो हे मला कधीच पटणार नाही.

धरमपेठची आई:

दोन दिवस लिहिलं नाही, कारण समुपदेशक ताईंचा प्रश्न घेऊन मी लेकीजवळ बसले. तान्ह्या पोळ्याला तिचा लाकडी नंदी सजवत होतो, तेव्हा विचारलं.

ती म्हणाली, सराव आवडतो, कारण नवीन वळण जमलं की पोटात गुदगुल्या होतात. स्पर्धेतली धाव आवडत नाही. पण स्पर्धेला जायला आवडतं. का? तर गाडीत तिच्या दोन मैत्रिणी असतात, जाताना गाण्याच्या भेंड्या, येताना तळेगावला थांबून खाणं. मी ज्याला वाया गेलेला वेळ म्हणत होते, त्यातच तिचा रविवार होता. मला हे कळायला हवं होतं. रडू आलं थोडं.

निर्णय बदललेला नाही, तीनच स्पर्धा. पण महिन्यातला एक रविवार त्या दोघींना घेऊन कुठंतरी जायचं, स्केट्सशिवाय. पहिला रामटेकचा ठरलाय. डॉक्टरांनी सांगितलेलं पोहणंही सुरू करतोय.

मानकापूर सरांच्या 'एकदाच'ला माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करते.

मानकापूर ट्रॅक:

उत्तर मी देतो. विरोध कायम ठेवून. महिन्यातून एका शनिवारी सरावाच्या शेवटी सगळ्या मुलांना चेस्ट नंबर लावा, शिट्टी वाजवा, एकच फेरी, वेळ फळ्यावर लिहा. दुसरी संधी नाही. मांडणी आधी सांगायची नाही, शंकू ऐनवेळी लावायचे. पालक आणि दुसऱ्या बॅचची मुलं कडेला उभी. तुमच्या सरांना सांगा, मी येऊन शंकू लावून देईन. सावनेरच्या पोरांनाही बोलवा, त्यांना चांगला रिंक मिळेल आणि तुमच्या मुलीला अनोळखी प्रतिस्पर्धी.

सावनेरवाला:

आमी येतो. सहा पोरं हायेत, गाडीची सोय मी पाहतो. फी घेऊ नका म्हणजे झालं. पोरायले जुने चाकं असन कोणाकडं तर आणून ठेवा, झिजलेले चालते.

आन ताई, शालेय जिल्हा स्पर्धेचा फॉर्म शाळेतून वेळेवर गेला का थे स्वतः जाऊन पाहा. मागच्या साली आमच्या शाळेचा राहून गेला होता.